बाबांनी राजीनाम्यावर सही करावी का? पन्नाशीनंतरच्या कामगार कपातीत कायदा काय देतो

एका मुलीचा प्रश्न आहे. वडिलांचं वय 54. पुण्याजवळच्या एका कारखान्यात मशीन शॉपमध्ये 24 वर्षं 7 महिने पर्मनंट नोकरी. कारखान्यात 180 च्या आसपास कामगार. महिन्याचा पगार 36,000, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000, बाकी घरभाडं आणि प्रवासभत्ता. गेल्या आठवड्यात पन्नाशीच्या पुढच्या अकरा जणांना एकेक करून एचआरच्या खोलीत बोलावलं. ऑर्डर कमी झाल्या आहेत, राजीनामा लिहून द्या, सर्व देणी धरून 5 लाख देतो, नंतर हेही मिळणार नाही, असं सांगितलं. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. तिला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बाबांनी सही करावी का? आणि नुसतं वय जास्त म्हणून माणसाला काढणं कायद्याला चालतं का?

मी 26 वर्षं कामगार न्यायालयात वकिली करते, बहुतेक वेळा कामगारांच्या बाजूने. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण शुक्रवार जवळ आहे. या कागदावर सही करू नका. शुक्रवार ही कंपनीने ठरवलेली तारीख आहे, कोणत्याही कायद्यात ती नाही. शनिवारी सकाळी बाबांनी नेहमीच्या पाळीला जावं, पंचिंग करावं, मशीनवर उभं राहावं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला कडू आहे. खासगी नोकरीत वयावरून भेदभाव करू नका असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेतली समानतेची 14 आणि 16 ही कलमं सरकारला बांधतात, खासगी मालकाला बांधत नाहीत. व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘चाळिशीनंतर कामगाराला विशेष संरक्षण असतं, विचार करायला 21 दिवस द्यावेच लागतात’ हा मजकूर अमेरिकेतल्या कायद्याचा आहे. तिथे 1967 पासून चाळिशीपुढच्या नोकरदारांसाठी असा कायदा आहे. इथल्या कारखान्याची मूळ कंपनी अमेरिकेतली असली तरी चाकणच्या किंवा भोसरीच्या कामगाराला त्याचा उपयोग नाही. दरवर्षी दोन-तीन जण तो मेसेज छापून माझ्याकडे घेऊन येतात, आणि त्यांना हे सांगताना मला वाईट वाटतं.

पण आपला कायदा वयाला जपत नसला तरी जुनेपणाला जपतो. नोकरीची वर्षं जपतो. बाबांचं सगळं बळ तिथे आहे, आणि त्या 5 लाखांच्या कागदाचं खरं कारणही तिथेच आहे.

कामगार कपातीचा आपल्याकडचा जुना नियम असा की एकाच प्रकारचं काम करणाऱ्यांत जो शेवटी आला तो आधी जाईल. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता 2020 लागू झाली, त्यातही तो आहे. मालकाला हा क्रम मोडता येतो, पण मग एखादा जुना माणूस का काढला आणि नवा का ठेवला याची कारणं लिहून ठेवावी लागतात. कारणं नंतर कोर्टात सुचून चालत नाहीत. जुन्या नियमांत तर त्या विभागाची ज्येष्ठता यादी कपातीच्या किमान 7 दिवस आधी नोटीस बोर्डवर लावण्याची अट होती, आणि ती यादी लावली नाही एवढ्या मुद्द्यावर मालकांना अडचणीत आलेलं मी पाहिलं आहे.

आता तुमच्या बाबांच्या कारखान्यातले ते अकरा जण बघा. सगळे पन्नाशीच्या पुढचे, म्हणजे बहुधा सगळे यादीत वरचे. कंपनीने सरळ कपातीची नोटीस काढली असती तर तिला मशीन शॉपमधल्या तरुण मुलांपासून सुरुवात करावी लागली असती, आणि तीच मुलं तिला कमी पगारात ठेवायची आहेत. राजीनाम्याला मात्र क्रम नसतो. स्वेच्छेने दिलेला राजीनामा किंवा घेतलेली निवृत्ती कायद्याच्या दृष्टीने कपातच नव्हे. नोटीस नको, यादी नको, कारण नको, भरपाई नको. कायद्याने जी निवड कंपनीला करता येत नाही ती कामगाराच्या सहीने करून घ्यायची, असा हा मामला आहे. म्हणून त्या कागदात ‘स्वेच्छेने’ हा शब्द पहिल्या ओळीत असतो. असे कागद मी इतके वाचले आहेत की मजकूर पाठ झाला आहे: ‘मी माझ्या वैयक्तिक व कौटुंबिक कारणास्तव स्वेच्छेने, कोणत्याही दबावाशिवाय...’ अकरा कामगारांची कौटुंबिक कारणं एकाच आठवड्यात, एकाच टायपात.

आता पैशाचं. घरी जेवणाच्या टेबलावर बसून कागदावर मांडा.

कपात केली तर नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला 15 दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. शेवटचे महिने सहापेक्षा जास्त असतील तर तेही एक वर्ष धरतात. म्हणजे 24 वर्षं 7 महिने ही 25 वर्षं झाली. नव्या संहितेत वेतन म्हणजे मुख्यतः मूळ पगार आणि महागाई भत्ता. घरभाडं, प्रवासभत्ता असे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरतात. तुमच्याकडे ते 10,000 आहेत, निम्म्याच्या आत, म्हणून 26,000 धरू. अर्धा महिना 13,000, गुणिले 25, झाले 3,25,000.

ग्रॅच्युइटी वेगळी. तिथे महिना 26 दिवसांचा धरतात, म्हणून दिवसाचे 1,000, पंधरा दिवसांचे 15,000, गुणिले 25, झाले 3,75,000. एक महिन्याची लेखी नोटीस, नाहीतर तिच्या बदल्यात पगार, किमान 26,000. शिवाय नव्या संहितेने एक पुनर्कौशल्य निधी आणला आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने 15 दिवसांचं शेवटचं वेतन त्यात भरायचं आणि कपातीपासून 45 दिवसांत ते कामगाराच्या खात्यात जमा व्हायचं. ते साधारण 13,000. बेरीज 7,39,000. शिल्लक रजेचे पैसे, बोनस आणि चालू महिन्याचा पगार यात धरलेले नाहीत. फंड (पीएफ) तर बाबांचा स्वतःचाच आहे, तो कोणी ‘देत’ नाही.

आता पुन्हा त्या 5 लाखांकडे बघा. सगळी फसगत ‘सर्व देणी धरून’ या तीन शब्दांत आहे. ग्रॅच्युइटीचे 3,75,000 राजीनामा दिला तरी मिळणारच, कारण पाच वर्षांच्या नोकरीनंतर तो हक्क राजीनाम्यानेही जात नाही. मग कंपनी आपल्या खिशातून किती देते आहे? 1,25,000. साडेतीन महिन्यांच्या पगारापेक्षाही कमी. यासाठी बाबांनी 24 वर्षांची ज्येष्ठता, कपातीची भरपाई आणि कोर्टात जायचा मार्ग सोडायचा. ही वजाबाकी केल्यावर माझ्यासमोर बसलेली माणसं बराच वेळ गप्प होतात. एका गृहस्थांनी माझं पेन घेऊन स्वतः पुन्हा केली होती.

हिशोबाच्या बाबतीत आणखी एक युक्ती चालते. कंपनी मध्येच कधीतरी विकली गेलेली असते किंवा तिचं नाव बदललेलं असतं, आणि एचआर म्हणतं, आमच्याकडे तुमची नोकरी अमुक सालापासूनच आहे. धंदा एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला, काम तेच राहिलं, खंड पडला नाही आणि अटी कमी झाल्या नाहीत, तर आधीची वर्षं पुढे धरली जातात. नाहीतर त्या बदलाच्या वेळीच भरपाई मिळायला हवी होती. बाबांचं पहिलं अपॉइंटमेंट लेटर, जुन्या पगाराच्या पावत्या, फंडाचं पासबुक एका फाइलमध्ये काढून ठेवा. लेटर सापडत नसेल तर फंडाच्या नोंदीत रुजू झाल्याची तारीख असते.

या सगळ्याला एक दार आहे आणि त्या दाराशीच बरेच जण अडतात. हे हक्क ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांना आहेत. हाताने, तांत्रिक, कारकुनी किंवा यंत्रावरचं काम करणारा कामगार असतो, मग पगार कितीही असो. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम मुख्यत्वे करणारा नसतो. देखरेखीचं काम करणारा, म्हणजे सुपरवायझर, महिन्याला 18,000 च्या वर वेतन घेत असेल तर तोही नसतो. जुन्या कायद्यात हा आकडा 10,000 होता. इथे वय आडवं येतं. वीस-बावीस वर्षं काम झालेल्या माणसाला कंपनी पगारात फारशी वाढ न देता ‘असिस्टंट मॅनेजर’ किंवा ‘सीनियर ऑफिसर’ करते. घरी पेढे वाटले जातात. पुढे काढायची वेळ आली की तेच पत्र कोर्टात दाखवतात, हे बघा, हे तर मॅनेजर.

कोर्ट मात्र पदाच्या नावावर जात नाही, रोजचं मुख्य काम काय ते बघते. दुसऱ्याची रजा मंजूर करता येते का? कोणाला चार्जशीट, म्हणजे शिस्तभंगाचं आरोपपत्र, देता येते का? भरती, बढती, पगारवाढ यात शब्द चालतो का? की दिवसभर स्वतःच मशीन चालवून शिवाय दोन ट्रेनींवर लक्ष ठेवायचं? पण आपण कामगार आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर असते. म्हणून बाबांना अशी बढती मिळालेली असेल तर लॉगबुकमधल्या त्यांच्या नोंदी, जॉब कार्ड, शिफ्टचे तक्ते, ज्यावर ऑपरेटर म्हणून त्यांची सही आहे ते कागद महत्त्वाचे. कंपनीचे मूळ कागद घरी आणू नका, त्यातून चोरीची चार्जशीट निघते. स्वतःकडे असलेल्या प्रती जपा आणि कोणते कागद कुठे आहेत ते लिहून ठेवा. कोर्टातून कंपनीला ते हजर करायला लावता येतं.

जो खरंच व्यवस्थापक आहे त्याची बाजू दुबळी असते. त्याला करारातला नोटीस पगार, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे मिळतात. नोकरीवर परत घ्या असं दिवाणी कोर्ट खासगी नोकरीत सहसा सांगत नाही. आयटीतल्या पन्नाशीच्या लोकांचे फोन मला आता सर्वांत जास्त येतात, आणि त्यांच्यातला जो दिवसभर कोड लिहितो किंवा टेस्टिंग करतो तो ‘मॅनेजर’ छापलेलं कार्ड खिशात असूनही कामगार असू शकतो हे त्यांना माहीतच नसतं.

सरकारची परवानगी लागते का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण युनियनवाले विचारतील. 300 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात कपातीआधी सरकारची परवानगी आणि तीन महिन्यांची नोटीस लागते. अर्ज केल्यावर 60 दिवसांत सरकारने काही कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. जुन्या कायद्यात ही मर्यादा 100 होती. बाबांच्या कारखान्यात 180 आहेत, म्हणजे पूर्वी जे कवच होतं ते गेलं. मला हा बदल मुळीच पटलेला नाही. पण परवानगी लागत नाही याचा अर्थ काहीच लागत नाही असा नव्हे. कारणांसह नोटीस, ज्येष्ठतेचा क्रम, आणि कामावरून कमी करतानाच हातात भरपाई, हे 180 जणांच्या कारखान्यातही लागतं. नोटीस आणि भरपाई या पूर्वअटी आहेत. त्या न पाळता केलेली कपात कायद्याच्या नजरेत झालेलीच नसते.

आता त्या खोलीचं. बाबांना पुन्हा बोलावतील. तिथे आवाज चढवू नये, शिवी देऊ नये, टेबलावर हात आपटू नये. त्याची चार्जशीट होते आणि मग मूळ मुद्दा बाजूला राहतो. म्हणावं, ‘साहेब, जे आहे ते लेखी द्या, मी घरी वाचतो, वकिलाला दाखवतो.’ कागद हातात दिला तर घ्यावा आणि पोच म्हणून सही मागितली तर ‘मिळाले, मजकूर मान्य नाही’ असं लिहून तारीख-वेळेसह सही करावी. कोऱ्या कागदावर, अर्धवट भरलेल्या फॉर्मवर सही नाही. ‘फक्त फॉर्मॅलिटी आहे काका’ असं म्हणणारा एचआरचा मुलगा वाईट असेलच असं नाही, त्यालाही वरून आकडा दिलेला असतो. तरी नाही.

त्याच रात्री बाबांच्या स्वतःच्या ईमेलवरून कंपनीला चार ओळी पाठवा. आज इतक्या वाजता अमुक खोलीत अमुक-अमुक हजर होते, मला राजीनामा द्यायला सांगितलं, मी नकार दिला, मला नोकरी करायची आहे, मी कामावर हजर आहे. तीच प्रत स्पीड पोस्टने. या चार ओळी पुढे दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात बाबांच्या बाजूने उभ्या राहतात. मोबाइलवर आपल्यासमोरचं बोलणं रेकॉर्ड केलं असेल तर मूळ फोन जपून ठेवा, फॉरवर्ड केलेली क्लिप पुरत नाही. अशा पुराव्यासोबत कोर्टात प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते वकील बघेल. आणि अकराही जणांनी हे करावं. एकट्याचा ईमेल हा एका माणसाचा रुसवा ठरवता येतो. अकरा जणांचे एकाच रात्रीचे ईमेल, सगळ्यांच्या वयाच्या आणि रुजू झाल्याच्या तारखांसह, हा नमुना होतो. वयाचा कायदा नसला तरी वय इथे पुरावा म्हणून कामी येतं: कपातीचं कारण खोटं आहे आणि निवड आकसाने झाली आहे हे दाखवायला. त्याच मशीनवर कंपनीने कंत्राटी मुलं, ट्रेनी किंवा मुदतीच्या नेमणुकीवरची माणसं ठेवली असतील तर ‘काम नाही’ हे कारण तिथेच कोसळतं. त्यांची नावं नकोत, कोणत्या मशीनवर किती जण आणि कधीपासून एवढं टिपून ठेवा.

गेट बंद केलं तर? कामावर घेत नाहीत हे लिहून लगेच ईमेल, सोबत गेटसमोर उभं असल्याचा वेळ दिसणारा फोटो. न्यायालयात कंपनीचा आवडता बचाव असतो, ‘आम्ही काढलं नाही, तेच यायचे बंद झाले.’

सही झालीच असेल तर? त्या अकरांतल्या एक-दोघांची झाली असणार. राजीनामा मंजूर होण्याआधी, किंवा पुढची तारीख घालून दिला असेल तर ती तारीख येण्याआधी, तो मागे घेता येतो. म्हणून आज, या तासाला लिहा: दबावाखाली सही घेतली, मी राजीनामा मागे घेतो, मी कामावर हजर आहे. इथे उशीर मारक असतो. तीन महिने गप्प राहून, पैसे वापरून मग दबाव होता म्हटलं तर न्यायाधीश पहिला प्रश्न हाच विचारतात की मग तेव्हा बोलला का नाहीत? खात्यात परस्पर रक्कम जमा केली तर ‘ही रक्कम हक्क राखून, कायदेशीर देण्यांपोटी अंशतः घेत आहे’ असं लगेच कळवा. मोठी व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजनेची, रक्कम पूर्ण घेऊन नंतर तिलाच आव्हान देणं फार कठीण जातं, हेही स्पष्ट सांगते.

नकार दिल्यावर कंपनी गप्प बसेलच असं नाही. काही जणांची बदली दूरच्या प्लांटला होईल. काहींना अचानक ‘कामगिरी समाधानकारक नाही’ असं पत्र येईल. चोवीस वर्षांत एकही मेमो नसलेल्या माणसाला एका महिन्यात तीन मेमो आले की ते स्वतःच बोलतात. प्रत्येक मेमोला, कितीही क्षुल्लक असो, लेखी उत्तर द्या. महाराष्ट्रात 1971 चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा आहे. आकसाने बदली करणं, खोट्या कारणाने किंवा सूडबुद्धीने कमी करणं या त्यात अनुचित प्रथा म्हणून दिलेल्या आहेत. तक्रारीची मुदत 90 दिवस, आणि निकालापर्यंत तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो. शिवाय 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखाली सांगितलं की कामगाराने प्रत्यक्ष काढून टाकेपर्यंत वाट बघण्याची गरज नाही, काढण्याची पावलं पडू लागली की तक्रार करता येते. म्हणजे बाबा आत असतानाच कोर्टात जाता येतं. आतल्या माणसाला आत ठेवण्याचा हुकूम मिळवणं हे बाहेर गेलेल्याला परत आत नेण्यापेक्षा सोपं असतं, म्हणून मी या वाटेचा विचार आधी करते.

काढलंच तर नव्या संहितेप्रमाणे आधी समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज. तिथे 45 दिवसांत तड लागली नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येतं, पण समेटाचं प्रकरण काढल्यापासून 2 वर्षांच्या आत सुरू व्हायला हवं. जुन्या कायद्यात 3 वर्षं होती, आणि ‘अजून वेळ आहे’ म्हणून बसलेल्यांचा आता घात होईल. कोणतं दार ठोठवायचं ते तुमचा वकील ठरवेल. तुम्ही 90 दिवसांचाच हिशोब डोक्यात ठेवा, म्हणजे दोन्ही दारं उघडी राहतात.

किती वर्षं लागतील, हे मला प्रत्येक घरातली बाई विचारते, पुरुष सहसा विचारत नाहीत. समेट झाला तर काही महिने. नाहीतर वर्षं. चोपन्नाव्या वर्षी दावा लावलेला माणूस निकालाच्या दिवशी निवृत्तीच्या वयापलीकडे गेलेला असू शकतो. तेव्हा परत कामावर घेण्याचा प्रश्न उरत नाही, मागचा पगार पूर्ण किंवा अंशतः आणि देणी एवढं मिळतं. मधल्या काळात मुलगा किंवा मुलगी घर चालवू शकते का, कर्जाचे हप्ते किती आहेत, बाबांची तब्येत कशी आहे, हे प्रश्न कायद्याच्या बाहेरचे आहेत आणि तेच बहुतेक वेळा निर्णय ठरवतात. लढ म्हणणं मला सोपं आहे, संध्याकाळी घरी मी माझ्या जेवणाच्या ताटावर बसते. एवढं मात्र लक्षात ठेवा की कोर्टाने परत घ्या म्हटलं आणि कंपनी उच्च न्यायालयात गेली, तर बाबा दुसरीकडे नोकरीला नसतील तोवर शेवटच्या पगाराइतकी रक्कम चालू ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे.

निवृत्तीच्या वयाबद्दल घोटाळा चालतो तोही इथेच सांगते. बऱ्याच कंपन्या 58 झाले की हातात पत्र देतात, म्हणतात, फंडाच्या पेन्शनचं वय झालं. पेन्शनचं वय आणि निवृत्तीचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवृत्तीचं वय कंपनीच्या प्रमाणित स्थायी आदेशांत (म्हणजे नोकरीच्या मंजूर नियमावलीत), करारात किंवा नेमणुकीच्या पत्रात असतं. महाराष्ट्राच्या जुन्या आदर्श स्थायी आदेशांत ते 60 होतं. बाबांच्या कारखान्याला काय लागू आहे ते युनियनकडून कागदावर बघून घ्या, कारण तडजोडीत सगळा हिशोब त्यावर फिरतो. 60 असेल तर सहा वर्षं उरली आहेत, म्हणजे आजच्या पगाराने 25,92,000. कंपनी हा आकडा देणार नाही, पण बोलणी या आकड्यापासून खाली यायला हवीत. 5 लाखांपासून वर चढायची नव्हेत.

बाबांना खरोखर दमल्यासारखं झालं असेल, गुडघे बोलत असतील, गावी जायचं असेल, तर रक्कम घेऊन बाहेर पडण्यात काही कमीपणा नाही. फक्त कागद नीट हवा. ‘सर्व देणी धरून’ च्या जागी ‘सर्व कायदेशीर देणी वगळून, त्याव्यतिरिक्त’ असे शब्द. प्रत्येक देणं वेगळ्या ओळीत, आकड्यासह: ग्रॅच्युइटी, रजा, बोनस, जादा रक्कम. पैसे खात्यात आल्यावर सही, किंवा कामगार आयुक्त कार्यालयातल्या अधिकाऱ्यासमोर करार. हिशोब किती दिवसांत, हेही: वेतन संहितेप्रमाणे काढलं, कमी केलं किंवा राजीनामा दिला तरी वेतनाचा हिशोब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, ग्रॅच्युइटी 30 दिवसांत, उशीर झाला तर व्याजासह. आयकराचं आधी विचारा. ग्रॅच्युइटीला 20 लाखांपर्यंत सूट आहे. कपातीच्या भरपाईला आणि नियमांत बसणाऱ्या स्वेच्छानिवृत्ती योजनेच्या रकमेला 5 लाखांपर्यंत सूट मिळते, पण नुसत्या राजीनाम्यासोबत दिलेल्या ‘सदिच्छा रकमेवर’ कर कापला जातो. म्हणजे कागदाचं नाव काय, यावरही हातात किती येणार ते ठरतं.

पेन्शनची घाई करू नका. नोकरी सुटली की लोक लगेच फंडाची पेन्शन सुरू करायला धावतात. दहा वर्षांची सेवा झालेल्याला ती 50 नंतर घेता येते, पण 58 च्या आधीच्या प्रत्येक वर्षासाठी 4 टक्के कमी होऊन, आणि ती कपात जन्मभराची असते. कंपनीचा मेडिक्लेम मात्र घाईने बघा. नोकरी संपली की तो संपतो, आणि 54 व्या वर्षी मधुमेह-रक्तदाब असलेल्या माणसाला नवी पॉलिसी घेताना आधीच्या आजारांसाठी पुन्हा थांबावं लागतं. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, त्यात आधीची वर्षं धरली जातात. त्यासाठी अर्ज पॉलिसी चालू असतानाच करायचा असतो.

आणि कपात झालीच, तर जाताना कंपनीला आपला पत्ता आणि फोन नंबर लेखी देऊन पोच घ्या. पुढच्या एका वर्षात कंपनीने त्या कामावर माणूस घ्यायचा ठरवला तर कपात झालेल्यांना आधी विचारावं लागतं. ऑर्डर परत आल्या की आठ महिन्यांत जाहिरात निघते. ती जाहिरात दिसली की कापून फाइलमध्ये ठेवा, त्यावर तारीख घाला, आणि अर्ज करा.

शुक्रवारी बाबा त्या खोलीत जातील तेव्हा शक्यतो युनियनचा एक माणूस सोबत असू द्या. युनियन नसेल तर त्या अकरांतला दुसरा कोणीतरी. आत येऊ दिलं नाही तर दाराबाहेर बसावा, आणि बाबा किती वाजता आत गेले, किती वाजता बाहेर आले, ते लिहून ठेवावं.